सोलरचा धंदा आणि त्याला लागणारा पैसा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

धायरीला आमचं छोटं वर्कशॉप आहे, सोलर ड्रायर (उन्हाच्या उष्णतेवर फळं-भाज्या वाळवायचं यंत्र) बनवतो आणि रूफटॉपची, म्हणजे छतावर पॅनल बसवायची, कामं घेतो. त्याआधी सात वर्षं मी एका पतसंस्थेत कर्ज विभागात होते, म्हणजे कर्ज देणाऱ्याची खुर्ची आणि कर्ज मागणाऱ्याचं बाकडं, दोन्ही बघून झालंय. रोज फोनवर तेच तेच प्रश्न येतात. इंजिनिअरिंगची पोरं, बचत गटाच्या ताई, रिटायर झालेले काका, आणि हल्ली तर आफ्रिकेत जाऊन काहीतरी करायचंय म्हणणारेही दोघं-तिघं. म्हटलं एकदाच लिहून काढू. क्रमाबिमाचं काही नाही, जसं आठवलं तसं.

प्र. मॅडम, हा धंदा म्हणजे छतावर पॅनल बसवून द्यायचं, एवढंच ना?

एवढंच असतं तर बरं झालं असतं, पॅनल बसवणारे आता दर चौकात एक आहेत. पुण्याच्या आसपासच बघा ना, प्राज इथेनॉलच्या प्लँटमध्ये, सुझलॉन पवनचक्क्यांमध्ये, इकोझेनवाले सोलरवर चालणाऱ्या कोल्ड रूम बनवतात. डॉ. आनंद कर्वे यांच्या 'आरती' संस्थेने उसाच्या पाचटापासून कोळसा आणि घरातल्या खरकट्यावर चालणारा छोटा बायोगॅस करून दाखवला, दोन्हींना इंग्लंडचं ॲशडेन अवॉर्ड मिळालं, २००२ ला आणि २००६ ला. तिकडे छत्रपती संभाजीनगरची एस फोर एस कंपनी शेतकरी बायकांना सोलर ड्रायर देते आणि वाळवलेला माल त्यांच्याकडून परत विकत घेते, त्यांना २०२३ चं अर्थशॉट प्राइज मिळालं. हे सगळं याच धंद्यात येतं. गिऱ्हाईक तुम्हाला किलोवॅट विचारत नाही हो, ते विचारतं रात्री पंखा किती वेळ चालेल.

प्र. ऊन फुकट, मग आपल्यासारख्या देशांत सोलर महाग का पडतं?

कारण सगळा खर्च पहिल्या दिवशी येतो. जनरेटरमध्ये आज शंभरचं डिझेल टाकलं, उद्या हात आखडता असला तर नाही टाकलं, चालतं. सोलरमध्ये पुढच्या वीस-पंचवीस वर्षांची वीज तुम्ही एकदम आगाऊ घेऊन ठेवता, आणि ते आगाऊ पैसे कोणाकडून तरी उचलायचे म्हणजे व्याज आलं.

आता व्याजाचा खेळ बघा. २ लाख रुपये, ५ वर्षं. ७ टक्क्यांनी घेतले तर महिन्याचा हप्ता साधारण ३,९६० बसतो. तेच १४ टक्क्यांनी घेतले तर ४,६५० च्या वर. पाच वर्षांत फरक जातो ४१ हजारांच्या पुढे, आणि पॅनल तेच, ऊन तेच, वायरमन पण तोच. गरीब देशांत नेमकं हेच होतं. मोठ्या प्रोजेक्टला सुद्धा तिथे भांडवल श्रीमंत देशांच्या दुप्पट किंवा त्याहून जास्त दराने मिळतं. जर्मनीपेक्षा केनियात ऊन कितीतरी कडक, तरी केनियातला युनिट स्वस्त पडेलच असं नाही.

म्हणून कोणी 'टेक्नॉलॉजी महाग आहे' म्हटलं की मी म्हणते, टेक्नॉलॉजी कधीच स्वस्त झाली, महाग आहे तो पैसा.

प्र. मग स्वस्त व्याज मिळालं की झालं का?

नाही, आणि इथेच बहुतेक स्कीमा फसतात. व्याजदराइतकीच हप्त्याची तारीख महत्त्वाची, किंबहुना गरीब माणसाला तारीख जास्त.

बंगळुरूच्या सेल्को या सोलर कंपनीचे हरीश हांडे, ज्यांना २०११ चा मॅगसेसे मिळाला, एक किस्सा सांगतात. रस्त्यावर विकणारी एक बाई त्यांना म्हणाली, महिन्याला ३०० रुपये मला झेपत नाहीत, रोजचे १० देईन. हिशोब एकच आहे. पण तिच्याकडे महिन्याचा पगार येत नाही, रोजचा गल्ला येतो.

आपल्याकडे हे काही नवीन नाही. पिग्मी एजंट माहितीये ना? संध्याकाळी दुकानादुकानांत फिरून वीस-पन्नास रुपये गोळा करणारा. ही पिग्मीची पद्धत सिंडिकेट बँकेने १९२८ मध्ये सुरू केली, रोज दोन आणे. आणि गंमत अशी, की २००३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने कर्नाटकात घरगुती सोलरच्या कर्जाची योजना काढली तेव्हा बरोबर घेतलेल्या दोन बँकांपैकी एक हीच सिंडिकेट, दुसरी कॅनरा. (२०२० मध्ये सिंडिकेट कॅनरातच विलीन झाली.) त्या योजनेत पॅनलवर सबसिडी नव्हती, व्याजात सवलत होती, तीही हळूहळू कमी करत नेलेली, म्हणजे बँकेला सोलरला कर्ज द्यायची सवय लागावी आणि नंतर कुबडी काढून घ्यावी. चार-एक वर्षांत हजारो घरांना दिवे लागले. मला ही योजना आजही सगळ्यात शहाणी वाटते. तिचं नाव फारसं कोणी घेत नाही, कारण त्यात फित कापण्यासारखं काही नव्हतं.

आमचाच अनुभव सांगते. पुरंदरमधल्या एका बचत गटाला अंजीर वाळवायला ड्रायर हवा होता. पुरंदरचं अंजीर जीआयवालं (भौगोलिक मानांकन मिळालेलं), चवीला एक नंबर, पण झाडावरून काढलं की दोन दिवसांत मऊ पडतं, आणि फुटलेलं फळ व्यापारी घेतच नाही. चार किलो फळाचं वाळून जेमतेम एक किलो होतं. पतसंस्थेने ३६ समान हप्ते लावले. पहिले दोन हप्ते आले, मग बंद, कारण बहार संपला! बहार नसताना गटाकडे वाळवायला फळच नाही, तर पैसे कुठून येणार. सेक्रेटरी ताई वही घेऊन आल्या, निळ्या शाईत महिनावार आवक लिहिलेली, काही महिन्यांपुढे नुसती शून्यं. ती वही मी तशीच पतसंस्थेच्या मॅनेजरपुढे ठेवली. मग हप्ते असे केले की बहाराच्या महिन्यांत मोठे आणि बाकी महिन्यांत नुसतं व्याज. त्यानंतर एकही हप्ता चुकला नाही. व्याजदर तोच होता बरं का, अर्धा टक्का पण कमी केलेला नव्हता.

प्र. बँक मॅनेजर 'बघू' म्हणतो आणि फाइल पडून राहते. त्याला सोलर कळत नाही का?

कळतं की. अडचण वेगळीच असते. एका बँकेत (नाव नको) मॅनेजर साहेब मला म्हणाले, "मॅडम, ट्रॅक्टर ओढून आणता येतो, म्हैस सोडून आणता येते, तुमचं पॅनल मी काढून आणलं तर लावू कुठे?" मला तेव्हा राग आला होता, आता वाटतं माणूस बरोबर बोलला. जप्त केलेल्या वस्तूला बाजार नसेल तर ती वस्तू तारण नाही, भंगार आहे.

त्यामुळे फाइल नेताना त्याच्या या प्रश्नाचं उत्तर घेऊन जायचं. आम्ही लेखी देतो की हप्ते थकले तर ड्रायर आम्ही अमुक किमतीला परत घेऊ, दुरुस्त करून दुसऱ्या गटाला विकू. पहिल्या पाच-सहा कर्जांसाठी आम्ही थोडी रक्कम एफडी करून बँकेकडे हमी म्हणून ठेवली होती, बुडालं तर आधी आमचे जातील. ती एफडी आजपर्यंत मोडायची वेळ आली नाही. पण ती होती म्हणून सही झाली. मोठ्या पातळीवर देशोदेशी गॅरंटी फंड म्हणून जे चालतं ते हेच, फक्त शून्यं जास्त.

दुसरं, छोट्या कर्जाला मेहनत तेवढीच लागते. २५ हजारांचं कर्ज असो की २५ लाखांचं, केवायसी, साइट व्हिजिट, सह्या सगळं सारखं, आणि बँकेला सुटतं काय तर २५ हजारांवरचं व्याज. म्हणून एकटं-दुकटं गिऱ्हाईक नेऊ नका, दहा जणांचा गठ्ठा एकदम न्या, मॅनेजरचा चेहराच बदलतो.

तिसरं, त्यालाही टार्गेट असतं. रिझर्व्ह बँकेने २०१५ मध्ये रिन्यूएबल एनर्जी प्रायॉरिटी सेक्टरमध्ये घेतली, म्हणजे ज्या क्षेत्रांना बँकेला ठरावीक कर्ज द्यावंच लागतं त्यांच्यात. एप्रिल २०२५ पासून प्रोजेक्टसाठी मर्यादा ३५ कोटी आहे, आणि घरगुती कर्जदाराला १० लाखांपर्यंतचं कर्ज त्यात धरलं जातं. हे खालच्या ब्रँचमध्ये दर वेळी माहीत असतंच असं नाही, आपण प्रिंट काढून न्यायची, भांडायचं नाही, फक्त टेबलावर ठेवायची.

प्र. तारण नाहीच आमच्याकडे, भाड्याचा गाळा आहे.

उद्यम रजिस्ट्रेशन (छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी) करा, फुकट आहे, आधारवर होतं, एजंटला पैसे देऊ नका. मग सीजीटीएमएसईची, म्हणजे तारण नसलेल्या छोट्या उद्योगांसाठीच्या सरकारी फंडाची, हमी मागा, ती २००० सालापासून आहे आणि आता १० कोटींपर्यंतचं कर्ज त्यात बसतं, गॅरंटी फी मात्र लागते. अगदी सुरुवात असेल तर मुद्रा कर्ज, १० लाखांपर्यंत, आणि आधीचं मुद्राच्या 'तरुण' गटातलं कर्ज नीट फेडलं असेल तर २० लाखांपर्यंत. पीएमईजीपीमध्ये (नवा धंदा काढायला अनुदान देणारी केंद्राची योजना) मॅन्युफॅक्चरिंगला ५० लाखांपर्यंतचा आणि सर्व्हिसला २० लाखांपर्यंतचा प्रोजेक्ट चालतो, अनुदान १५ ते ३५ टक्के, शहर की गाव आणि तुमचा प्रवर्ग कोणता त्यावर. पण सीजीटीएमएसईची हमी धंद्याच्या कर्जाला आहे हं, तुमच्या गिऱ्हाइकाने घरी सोलर बसवायला घेतलेल्या कर्जाला नाही, यात लोक फार गोंधळ घालतात.

प्र. बांगलादेशचं उदाहरण सगळे देतात. तिथे असं काय केलं?

तिथे इडकॉल नावाची सरकारी मालकीची वित्त कंपनी आहे. २००३ मध्ये वर्ल्ड बँकेच्या पैशावर त्यांनी घरोघरी छोटे सोलर सेट द्यायची योजना काढली, टार्गेट होतं २००८ पर्यंत ५० हजार. ते २००५ मध्येच पूर्ण झालं. पुढे आकडा ४० लाखांच्या वर गेला, म्हणजे जवळपास दोन कोटी माणसं.

युक्ती अशी की इडकॉल गावात जात नव्हती. गावात जायच्या ग्रामीण शक्तीसारख्या संस्था (ही १९९६ ची, मुहम्मद युनूस यांच्या ग्रामीण परिवारातली). त्या सेट बसवायच्या, दहा-पंधरा टक्के आधी घ्यायच्या, बाकी दोन-तीन वर्षांच्या हप्त्यांत. मग ती कर्जाची कागदपत्रं दाखवून इडकॉलकडून बराचसा पैसा परत उचलायच्या आणि पुढच्या घरी जायच्या. आणि हप्ता घ्यायला येणारा माणूसच बॅटरीत पाणी आहे का बघायचा. हे मला सगळ्यात आवडतं. वसुली आणि सर्व्हिसिंग एकाच सायकलवर.

मोडलं कसं तेही ऐका. सरकारची ग्रिड, म्हणजे विजेची लाइन, गावात पोचली, ते चांगलंच झालं, पण त्याच काळात सरकारच्याच दुसऱ्या योजनेतून सोलर सेट फुकट वाटायला लागले. शेजाऱ्याला फुकट मिळालाय तर मी हप्ता का भरू? आपल्याकडे निवडणुकीच्या आधी कर्जमाफीची कुजबुज सुरू झाली की पतसंस्थेची वसुली कशी आटते, ते मी खुर्चीत बसून बघितलंय, त्यामुळे मला नवल वाटलं नाही.

प्र. नेपाळमध्ये पण काहीतरी बायोगॅसचं होतं ना?

हो, १९९२ पासून. सबसिडी ठरलेली, कर्ज मायक्रोफायनान्सचं, बांधणार खाजगी कंपन्या, आणि तपासणीत प्लँट निकृष्ट निघाला तर कंपनीला दंड. शेवटचा मुद्दा आपल्याकडच्या योजनांनी उचलायला हवा होता. आपल्याकडे गावोगावी बंद पडलेले गोबरगॅसचे डोम दिसतात, त्यात कोणी गवत ठेवतं, कोणी काही नाही.

प्र. केनियातलं पे-ॲज-यू-गो, म्हणजे वापराल तसे पैसे भरा, इथे का नाही चालत?

तिथे आधी मोबाइलवरचा पैसा आला, मग सोलर. एम-पेसा २००७ चं, एम-कोपा कंपनीने सोलर किट विकायला सुरुवात केली २०१२ मध्ये. थोडं डिपॉझिट, मग रोज ४०-५० शिलिंग मोबाइलवरून, साधारण वर्षभर. नाही भरले तर किटमधलं सिम ते लॉक करतं, भरले की परत चालू. घर आधी रॉकेलवर तेवढेच पैसे घालत होतं, त्यामुळे खिशाला नवीन भार नव्हता. बँक मॅनेजरच्या 'जप्त करून लावू कुठे'ला हे भारी उत्तर आहे, जप्त करायचंच नाही, जागेवरच बंद करायचं.

इथे तेव्हा यूपीआय नव्हतं, आणि २०१७ च्या सौभाग्य या घरोघरी वीज द्यायच्या योजनेनंतर ग्रिड बहुतेक घरांत पोचली, म्हणून दिव्याचं मार्केटच राहिलं नाही. पण ड्रायर, चक्की, कोल्ड रूम, शिलाई मशीन यांना हे लॉकवालं तंत्र इथेही लागू पडतं. फक्त एक सांगते, लॉक करणं सोपं असतं म्हणून बेफाम विकत सुटू नका. मोबिसोल नावाची जर्मन कंपनी टांझानिया, रवांडात जोरात होती, २०१९ मध्ये दिवाळखोरीत गेली, मग एंजी नावाच्या फ्रेंच कंपनीने घेतली. गिऱ्हाईक वाढतं तसं तुमचं उधारीत अडकलेलं भांडवल वाढतं, तुम्ही सोलर कंपनी न राहता नकळत फायनान्स कंपनी होऊन बसता. एम-कोपा स्वतः आता मुख्यतः स्मार्टफोन हप्त्याने विकते, यातच आलं.

प्र. गावात मायक्रोग्रिड, म्हणजे गावापुरती छोटी वीजयंत्रणा, टाकायचा विचार आहे, राजगड तालुक्यात.

महावितरणची लाइन आहे का तिथे? असेल तर नको.

बिहारमधलं धरणई आठवतंय का? २०१४ मध्ये ग्रीनपीसने १०० किलोवॅटची सोलर मायक्रोग्रिड उभी केली, वाजतगाजत. टीव्ही-फ्रीज चालत नाही म्हणून गावातलेच लोक मुख्यमंत्र्यांसमोर 'असली बिजली' हवी म्हणाले. लवकरच ग्रिड आली, ती स्वस्त, बॅटऱ्या संपल्या, आणि काही वर्षांनी त्या आवारात गुरं बांधलेली होती. त्याच बिहारमधली हस्क पॉवर भाताच्या तुसापासून गॅस करणारं यंत्र (गॅसिफायर) चालवून गावांना वीज द्यायची, त्यांनी काळ ओळखून सोलर-बॅटरीकडे मोर्चा वळवला, दुकानदार आणि गिरण्यांना धरलं, आता नायजेरियातही आहेत. घरगुती दिव्यावर मायक्रोग्रिड जगत नाही. पीठगिरणी, बर्फ, वेल्डिंग असलं दिवसा खाणारं गिऱ्हाईक आधी शोधा, मग खांब रोवा.

प्र. ग्रँट घ्यावी, इक्विटी घ्यावी की लोन?

ग्रँट (परत न करायचा पैसा) शिकायला, इक्विटी (धंद्यातला हिस्सा देऊन घेतलेला पैसा) चुका पचवायला, लोन रिपीट ऑर्डरला. एवढं डोक्यात ठेवलं तरी पुष्कळ. वस्तू अजून नीट चालतच नाही तेव्हा लोन घेणं म्हणजे पायावर धोंडा, आणि ऑर्डर हातात असताना इक्विटी विकणं म्हणजे दुभती गाय विकून वासरू घेणं.

याच प्रश्नावर २००० मध्ये आफ्रिकेत एक मोठा प्रयोग झाला, अरीड नावाने, संयुक्त राष्ट्रांचा पर्यावरण कार्यक्रम आणि ई प्लस को नावाची अमेरिकन ना-नफा संस्था मिळून, घाना, माली, सेनेगल, टांझानिया आणि झांबियात. त्यांचं म्हणणं होतं की छोट्या उद्योजकाला नुसता चेक देऊ नका, आधी त्याच्याबरोबर बसून धंद्याचा कागद करा, मग बियाण्यापुरतं भांडवल द्या. यातून बऱ्याच छोट्या कंपन्या उभ्या राहिल्या. पण छोट्या कर्जाची मेहनत मोठी आणि कमाई थोडी, हे गणित त्यांनाही सुटलं नाही, २०१२ च्या सुमारास ई प्लस को स्वतःच अडचणीत आली आणि तिचं काम दुसऱ्या नावाने पुढे गेलं. मला त्यांचा मार्ग बरोबर वाटतो, फक्त सल्ल्याचा खर्च व्याजातून काढता येत नाही, तो कोणीतरी ग्रँटने उचलावा लागतो.

आणि या तिन्हींपेक्षा जास्त लोक मरतात ते वर्किंग कॅपिटलने, म्हणजे रोजचा धंदा चालवायला लागणाऱ्या पैशाने. एका संस्थेकडे आमचे साडेचार लाख अकरा महिने अडकले होते. काम झालं, फोटो झाले, उद्घाटन झालं, पेढे पण खाल्ले, बिल मात्र 'वरच्या सहीला'. त्या वर्षी आम्ही कागदावर नफ्यात होतो आणि पोरांचे पगार माझ्या दागिन्यांवर झाले. कायद्याने एमएसएमईचं, म्हणजे आमच्यासारख्या छोट्या उद्योगांचं, पेमेंट ४५ दिवसांत व्हायला हवं, समाधान पोर्टलवर तक्रारही करता येते, पण त्याच गिऱ्हाइकाकडे परत जायचं असतं ना, म्हणून कोणी करत नाही. आता मी ऑर्डर घेतानाच सत्तर टक्के माल पोचायच्या आधी घेते, नाहीतर राम राम.

प्र. परदेशी फंड डॉलरमध्ये ५-६ टक्क्यांनी देतोय. घेऊ?

तुमचं गिऱ्हाईक डॉलरमध्ये पैसे देणारे का? नाही ना, मग सांभाळून. नायजेरियात २०२३ च्या जूनच्या आधी डॉलरला ४६० च्या आसपास नायरा लागायचे, २०२४ मध्ये १५०० च्या पुढे. ज्या सोलरवाल्याने डॉलरमध्ये कर्ज घेऊन नायरात हप्ते वसूल केले त्याचं काय झालं असेल विचार करा, व्याज पाच टक्केच होतं हो, मुद्दल तिप्पट झालं.

लांब कशाला, आपल्या हडपसरच्या सुझलॉनचं बघा. तुलसी तांती सुरतेला कापडाच्या धंद्यात होते, विजेच्या बिलाने जेरीस आले म्हणून दोन पवनचक्क्या घेतल्या आणि १९९५ मध्ये सुझलॉन काढून हळूहळू कापड सोडून पवनचक्क्यांकडेच वळले. केवढी मोठी कंपनी झाली. पण ऑक्टोबर २०१२ मध्ये त्यांना जवळपास २१ कोटी डॉलरचे परदेशी बाँड वेळेवर फेडता आले नाहीत. कारणं बरीच होती, नुसतं डॉलरवर ढकलता येणार नाही, पण २००७ मध्ये ४० च्या आसपास असलेला डॉलर तोवर ५० च्या वर गेला होता, ते काही मदतीला आलं नाही. चलनाच्या जोखमीचा विमा देणारे फंडही आहेत, टीसीएक्स त्यातला २००७ चा, पण तो खर्च धरला की स्वस्त डॉलर बहुतेक वेळा रुपयाच्या कर्जाइतकाच पडतो. आपल्याकडे इरेडा ही सरकारी वित्त कंपनी आहे, १९८७ पासून, खास याच क्षेत्राला रुपयात कर्ज द्यायला. प्रोजेक्ट मोठा असेल तर आधी तिकडे विचारा.

प्र. आमच्या सोसायटीला किती सबसिडी मिळेल? कोथरूडला आहे, ३६ फ्लॅट.

पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या कॉमन वापराला, म्हणजे लिफ्ट, पंप, जिना, गाड्यांचं चार्जिंग, किलोवॅटमागे १८ हजार. २० किलोवॅट बसवलंत तर ३ लाख ६० हजार. एकट्याच्या घराला २ किलोवॅटपर्यंत ३० हजार प्रत्येकी, तिसऱ्याला १८, म्हणजे जास्तीत जास्त ७८ हजार. पॅनल भारतात बनलेल्या सेलचेच लागतात, नाहीतर सबसिडी गेली. आणि सप्टेंबर २०२५ च्या आधीचं कोटेशन असेल तर परत मागा, २२ तारखेपासून सोलरच्या सामानावरचा जीएसटी १२ चा ५ टक्के झालाय.

पैसे आधी तुम्ही भरायचे, सबसिडी नंतर. मीटिंगमध्ये यावरूनच भांडणं होतात, सोलर हवं की नको यावर नाही. 'मी दोन वर्षांत फ्लॅट विकणारे, मी का भरू' असं म्हणणारे एक जोशी काका प्रत्येक सोसायटीत असतातच. त्यांच्यासाठी सिंकिंग फंडाला (इमारतीच्या मोठ्या कामांसाठी साठवलेल्या पैशाला) हात न लावता लोन काढा आणि हप्ता वाचलेल्या बिलातून भरा. १ किलोवॅट पुण्यात दिवसाला साधारण ४ युनिट देतं, गुणाकार तुम्हीच करा.

आणि कोटेशन घ्यायच्या आधी दुपारी चारला गच्चीवर जाऊन पाण्याच्या टाकीची सावली कुठवर जाते ते बघून खडूने रेघ मारा. हिवाळ्यात ती अजून लांब जाते. निम्मे व्हेंडर ही रेघ मारतच नाहीत.

प्र. सबसिडी चांगली की वाईट?

कशावर देताय त्यावर आहे. मागेल त्याला सौर कृषी पंप योजनेत शेतकऱ्याला फक्त १० टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातीला ५. शेतकऱ्याला दिवसा पाणी मिळतंय, त्याबद्दल मी वाईट बोलणार नाही. पण पंप गावात आला आणि कंट्रोलर बिघडला तर गावात दुरुस्त करणारा कोणी नाही. सबसिडीतला एक छोटा वाटा तालुक्याला दोन मेकॅनिक तयार करायला, त्यांना स्पेअर पार्टच्या पेटीसाठी कर्ज द्यायला गेला असता तर! दुरुस्तीवाल्याला कर्ज द्यायला कोणतीच स्कीम पुढे येत नाही, कारण दुरुस्तीचे मेगावॅट मोजता येत नाहीत.

प्र. पुण्यात कोणाला भेटायचं?

महाऊर्जा या राज्य सरकारच्या संस्थेचं मुख्य ऑफिस औंधला आहे, योजनांचे खरे नियम तिथे कळतात. प्रयास या संस्थेचा ऊर्जा गट वीजदर आणि धोरणाचे अहवाल काढतो, मराठीतही थोडंफार मिळतं, वाचाच. हाताने काम शिकायचं असेल तर पाबळचा विज्ञान आश्रम, डॉ. कलबाग यांनी १९८३ मध्ये सुरू केलेला. वेल्डिंगपासून सोलरपर्यंत सगळं पोरं स्वतः करतात.

प्र. कार्बन क्रेडिटमधून, म्हणजे वाचवलेलं प्रदूषण विकून, पैसे मिळतील का?

पाच-पन्नास ड्रायरवर नाही. मोजणी आणि तपासणीचाच खर्च जास्त. कोणी घरी येऊन रजिस्ट्रेशनचे पैसे आधी मागत असेल तर त्याला चहा द्या आणि पाठवा.

प्र. आयटीतली नोकरी सोडून यात पडू का?

लगेच नको. सहा महिने शनिवार-रविवार कोणाबरोबर तरी सर्व्हिसिंगच्या कॉलवर जा, फुकट. इन्स्टॉलेशनला नाही, सर्व्हिसिंगला. पुरंदरच्या गटाकडे मागच्या पावसाळ्यात ड्रायर बंद पडला म्हणून फोन आला, मी आणि आमचा सागर दिवे घाट चढून भिजत गेलो, काय निघालं तर पंख्याच्या जाळीत पालीने अंडी घातलेली आणि वायर उंदराने कुरतडलेली. वायर ४० रुपयांची, येण्या-जाण्याचं पेट्रोल ३५० चं. आता त्या गटातल्या दोघींना आम्ही पंखा उघडायला शिकवलंय, डब्यात एक जादा पंखा आणि दोन मीटर वायर ठेवलीये, आणि त्या शेजारच्या गावातलेही ड्रायर बघतात, एका खेपेचे १५० घेतात.